४० फूट इशारा, ४५ फूट धोका: रागावरच्या कामाच्या नोंदी

सांगलीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याची शेड. माणसं तीन: मी, मिस्त्री (सगळे त्यांना मामाच म्हणतात) आणि एकोणीस वर्षांचं एक हेल्पर पोरगं. माझं वय ४६, बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू. रागाचं काम हातात घेतलं तेव्हा जॉबची ठेवतो तशीच वही ठेवली. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर त्याचे चार दिवस वाचतील म्हणून इथं उतरवतोय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.

९ जून २०२५
विश्रामबागच्या बंगल्याचं गेट. दोन्ही पल्ले टॅक करून (ठिकठिकाणी तात्पुरतं वेल्ड करून) झाले, मामा फुल वेल्डिंगला बसणार, तेवढ्यात सहज टेप लावली. पिलरच्या मधे १२ फूट, गेट भरलं ११ फूट ८ इंच. पाइप कापले होते पोरानं. हातात ४ इंची ग्राइंडर होता, तो फेकला. पोराच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. चाक फुटलं, बॉडीला तडा गेला. पोरगं काही बोललं नाही. हात धुतले, डबा उचलला, गेलं.

१० जून
पोरगं आलं नाही. मापाची वही काढली. ११-८ माझ्याच अक्षरात. शेजारच्या पानावरच्या शटरचं माप मी गेटच्या खाली लिहिलेलं. पोरानं लिहिलं तसं बरोबर कापलं होतं.
ग्राइंडर नवा घेतला, ₹२,९००. पाइप वाया ₹३,१००. मामा दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

१२ जून
हरिपूरला एक निवृत्त मास्तर राहतात, मागं त्यांच्या खिडक्यांना ग्रिल केली होती. ते बऱ्याच वर्षांपासून ध्यानाला बसतात हे माहीत होतं, म्हणून संध्याकाळी गेलो. मला वाटलं उपदेश करतील. त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा चिडता?" मी म्हटलं, मोजलं नाही. "मग आधी मोजा. माप न घेता गेट करता का?"
(करतो म्हणूनच आलो होतो.)

आळत्याचं विपश्यना केंद्र इथून फार लांब नाही. दहा दिवस, मौन, फोन जमा, फी नाही. मास्तर म्हणाले, जमलं तर तेच उत्तम. दहा दिवस शटर खाली ठेवायची माझी ऐपत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी दुसरा हिशोब सांगितला. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी सजगतेचा वर्ग काढला, तो आठ आठवड्यांचा असतो. तेवढं तरी धरा. मला सोळा लागले.

१३ जून
मोजायचं तर पट्टी पाहिजे. सांगलीकराला पातळी समजावून सांगावी लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात आम्ही उठल्या उठल्या आधी तेवढं बघतो, मग चहा. तीच पट्टी रागाला लावली. ३० म्हणजे कुरबुर, ४० म्हणजे आवाज चढणार, ४५ म्हणजे हातातलं काहीतरी उडणार. ९ जूनला ५०च्या वर गेलो असणार.

१९ जून
पहिला आठवडा नुसत्या मोजणीचा. २३ नोंदी. ४५च्या वर ६.
चूक अशी झाली की राग आला की मी वहीत लिहायला बसायचो आणि लिहिता लिहिता आणखी चढायचो. "याला अक्कल नाही, त्यानं मागच्या दिवाळीलापण असंच केलं होतं." नोंद राहिली बाजूला, आरोपपत्र तयार. मंगळवारी दीड पान भरलं आणि पातळी ३८ वरून ४४.
दुरुस्ती: वही बंद. मार्किंगच्या पांढऱ्या खडूनं भिंतीवरच्या पत्र्यावर फक्त वेळ, कोण आणि फूट. तीन शब्द. रात्री घरी जाताना वहीत उतरवायचं, तोपर्यंत पाणी ओसरलेलं असतं.
पोरगं आज परत आलं. मधल्या दिवसांचा खाडा मी कापला नाही. माफी मागायचं मनात होतं, पण "चहा घेतला का रे?" एवढंच निघालं.

२१ जून
श्वासाकडं लक्ष द्यायचं, एक ते दहा मोजायचं, चुकलं की परत एकपासून. वाचायला सोपं. मी ते दुपारी वर्कशॉपमध्येच करायला गेलो. ग्राइंडिंगची धूळ आणि वेल्डिंगचा धूर भरलेल्या शेडमध्ये दीर्घ श्वास घेतला की काय होतं ते सांगायला नको. पाच मिनिटं ठसका. मामांनी पाणी आणून दिलं आणि हसू दाबलं, ते मला दिसलं. ३६ फूट.

२४ जून
आता पहाटे साडेपाचला गच्चीवर. मांडी घालून बसलो तर सातव्या मिनिटाला पाय मुंग्यांनी भरला आणि सगळं लक्ष तिकडंच. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागलो. मास्तरांना विचारलं, चालतं का? ते म्हणाले, पाठ ताठ आणि माणूस जागा, एवढं असलं की चालतं. दहा मिनिटं. दहापर्यंत मोजणी आजवर फक्त दोनदा पोचली. बाकी वेळ चार-पाचलाच मन गिऱ्हाइकाच्या दारात.

२८ जून
सगळ्यात वाईट दिवस, म्हणून सविस्तर.
दिवसभर पत्र्यावर एकही रेघ नाही. मनातून खूश. जेवताना बायकोला सांगितलंसुद्धा, आज शून्य. रात्री साडेनऊला पोरीनं माझा चार्जर काढून तिचा लावला एवढंच निमित्त झालं. तिचा फोन भिंतीवर. डिस्प्ले गेला, ₹३,२००. पोरगी दहावीला आहे. रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं वहीत फुटांमध्ये लिहिता येत नाही.

झोप नाही. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आधाराचा सरकारी नंबर ठाऊक होता, रात्री बाराच्या पुढं लावला. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारल्या: घरात कुणाला मारता का, दारू घेता का. दोन्हीला नाही म्हटलं. हो असतं तर आधी डॉक्टर आणि समुपदेशक, वही नंतर, असं त्या म्हणाल्या. ज्याचं उत्तर हो असेल त्यानं माझ्या या नोंदींवर विसंबू नये.

मग पहाटेपर्यंत दिवस उलटा तपासत गेलो. दुपारी सव्वा वाजता एका ठेकेदाराचा फोन आला होता. माझे ₹८४,००० त्याच्याकडं अडकलेत. "पुढच्या आठवड्यात बघू" हे तिसऱ्यांदा. मी गोड बोललो, फोन ठेवला, कामाला लागलो. रेघ मारली नाही, कारण राग "आलाच नाही".
आलाच होता की. सव्वाला कोयनेतून सोडला, घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले. धरणाचे दरवाजे उघडले म्हणून लगेच सांगलीत पाणी येत नाही, पण येतं. मी मात्र इतके दिवस पुलाखालची पट्टीच तेवढी बघत बसलेलो.

३० जून
पत्र्यावर आणखी एक रकाना: "वरून काय?" प्रत्येक रेघेच्या आधी त्या दिवशी काय काय झालं ते. मागच्या नोंदीही आठवतील तशा भरल्या. पहिल्या आठवड्यातल्या २३ पैकी १५ वेळा ज्याच्यावर चिडलो त्याचा संबंधच नव्हता. पैसे, उपाशीपोट, अपुरी झोप, लाइट गेलेली. समोरचा आपला पुलाखाली उभा असायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

६ जुलै
आषाढी. उपवास. दुपारी साबुदाण्याची खिचडी, नंतर पाच कप चहा. संध्याकाळी ४२. उपवासाचं पुण्य तिथंच फिटलं.
दुपारी साडेचार ते सहा या वेळेत माझ्या सगळ्यात जास्त रेघा आहेत, आणि मी अडीचच्या आत कधी जेवत नाही. आता एक वाजता जेवण, चार वाजता भडंग. हा उपाय इतका साधा आहे की लिहायला लाज वाटते, पण आठवड्यात सात रेघा कमी झाल्या.

१४ जुलै
बसण्याचा उपयोग आज पहिल्यांदा दिसला. अंगात आधी काय होतं ते कळलं. डावा जबडा आवळतो. मग कानाच्या पाळ्या तापतात. मग हातातल्या वस्तूवरची पकड घट्ट होते. तोंड त्यानंतर उघडतं. मधे दोन-तीन सेकंद मिळतात, जास्त नाही. पूर्वीपण मिळत असणार, मी घरी नसायचो.

त्या दोन सेकंदांत काय करायचं याच्या तीन ट्रायल घेतल्या:
मनात दहा आकडे मोजले. फेल. आठपर्यंत शिवीची जुळवणी करत होतो.
"शांत हो, शांत हो" म्हटलं. फेल. हुकूम वाटला, अजून चढलो.
हातातलं हत्यार खाली ठेवलं. पास. ग्राइंडर, हातोडी, फोन, जे असेल ते आधी खाली. मग माठापर्यंत चालत जायचं, पाणी प्यायचं, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. चारात आत, सातात बाहेर, सहा वेळा. माठ शेडच्या बाहेर आहे, तिथं धूर नाही. परत येईपर्यंत ४० चे ३४ झालेले असतात. शून्य कधी होत नाही, मी वाट पण बघत नाही.

मामा म्हणाले, "मालक, पाणी लई प्यायला लागलाय. शुगर तपासा."

२२ जुलै
मास्तरांनी पुढची पायरी दिली होती, मैत्री. बसून मनात एकेकाचं भलं चिंतायचं. मी म्हटलं, चला, अवघड काम आधी उरकू. डोळे मिटले आणि ठेकेदाराला समोर उभा केला. "तू सुखी हो." तिसऱ्या मिनिटाला ४३. माझ्या ₹८४,००० वर तो सुखीच आहे की.

हरिपूरला गेलो. मास्तर खूप हसले. "पोहायला शिकताना पुराच्या पाण्यात उडी टाकता का?" पाली परंपरेत याला क्रम ठरलेला आहे: आधी स्वतः, मग जिच्याविषयी मनात सहज माया आहे अशी व्यक्ती, मग जिच्याशी देणंघेणं नाही अशी, आणि वैरी सगळ्यात शेवटी. मी उलटीकडून सुरुवात केली होती.
पैठणला एकनाथ महाराजांवर एक जण १०८ वेळा थुंकला आणि ते तेवढ्या वेळा परत गोदावरीत अंघोळीला गेले, ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. माझी मजल दुसऱ्या अंघोळीपर्यंतही नाही, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं.

२९ जुलै
क्रमानं करतोय. आजी सोपी गेली. तिचा सुपारी कातरतानाचा आवाजच आधी आठवतो. देणंघेणं नसलेला म्हणून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला घेतला. तेही जमलं, उलट दुसऱ्या दिवशी त्याला बघून हसलो तर तो बावचळला. अडलं ते स्वतःपाशी. "मी सुखी असो" म्हणताना ग्राइंडर दिसतो, फोन दिसतो, पोरीचं बघणं दिसतं. आठवडाभर हेच. शेवटी वाक्य बदललं: "आजचा दिवस कुणाला न दुखवता जाऊ दे." हे बोलता येतं. मास्तरांनी चालवून घेतलं.

५ ऑगस्ट
करुणेचा पहिला खर्च.
पोरानं बाल्कनीच्या ग्रिलला वेल्डिंग केलं, दोन-तीन ठिकाणी भोकं भोकं पडलेली. दिसलं मला. पण नुकताच मैत्रीतून उठलेलो. म्हटलं, जाऊ दे, शिकतंय. रंग मारून माल पाठवला. तिसऱ्या दिवशी एक जोड सुटला. नशीब बसवतानाच सुटला, वर कुणी टेकलं नव्हतं. ग्रिल परत, टेम्पोचं भाडं दोनदा, पुन्हा रंग: ₹५,६०० आणि दीड दिवस.
मामा तोंडावर बोलले: "मालक, पूर्वी बोंबलत होता, तवा निदान चूक तरी कळत होती पोराला."
बरोबर आहे. मी पोराची दया केली नाही, तोंड उघडायची भीती होती ती. उघडलं तर पाणी कुठवर जाईल याचा स्वतःवर भरवसा नव्हता.
दुरुस्ती: चूक त्याच दिवशी सांगायची, तुकडा हातात घेऊन सांगायची, गिऱ्हाइकासमोर नाही. "तुला येत नाही" म्हणायचं नाही. "हा जोड बघ, इथं भोकं राहिलीत" म्हणायचं. पोराला परत करायला लावलं. दुसऱ्या खेपेला बरा आला.

८ ऑगस्ट
बायको: "अहो, तो तुमचा शांत आवाज बंद करा. ओरडता तेव्हा निदान संपतं तरी. हा आवाज लागला की पोरगी खोलीत जाऊन बसते."
मला तो आवाज चांगला जमलाय असं वाटत होतं. आता सरळ सांगतो, "३८ आहे, दहा मिनिटं द्या." घरातल्या सगळ्यांना पट्टी कळते. पोरगी तर दारातूनच विचारते, "बाबा, किती फूट?"

२० ऑगस्ट
कोयनेचा विसर्ग वाढवलाय, नदी चढतेय. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझी दोन वेल्डिंग मशिनं आणि कॉम्प्रेसर पाण्यात गेलेला. तेव्हापासून ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की मला कुणाचं बोलणं सहन होत नाही. सहा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, "वरून काय?" या रकान्यात चार दिवस सलग "पाऊस" लिहिल्यावर आलं.

पहाटे सहाला मशिनं वर उचलायची ठरलेली. पोरगं आलं सव्वाआठला. मी आणि मामांनी तोवर कॉम्प्रेसर दोन फूट सरकवलेला, माझी कंबर धरलेली. जबडा, कान, मूठ, सगळं ओळीनं. हातात पहार होती. खाली ठेवली. माठापर्यंत जायला वेळ नव्हता, तिथंच चार श्वास सोडले आणि विचारलं, "का रे उशीर?"
त्याची खोली सखल भागात आहे. रात्रभर आजीला आणि सामानाला मावशीकडं हलवत होतं. तीन खेपा, सायकलवरून. एवढं करून कामावर आलं होतं.
मी मधे बोललो असतो तर त्यानं हे सांगितलंच नसतं. जूनमध्ये काही बोललं नव्हतं तसंच. पहार त्याच्या हातात दिली आणि तिघांनी साडेदहापर्यंत सगळं वर चढवलं.

२४ ऑगस्ट
पाणी शेडपर्यंत आलं नाही. सगळं परत खाली. चोर गणपती बसला (आमच्या सांगलीत हा गणेश चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसतो). आता मंडपाच्या कमानींची घाई. आज पोरगं परत तासभर उशिरा. परत विचारलं, "का रे?" तर म्हणे, मोबाइल बघत बसलो आणि झोप लागली नाही. विचारलं म्हणून दरवेळी कारण चांगलंच निघतं असं नाही. अर्धा दिवस कापला. आवाज न चढवता कापला, ३३ वर. पोरानंही मान्य केलं.

३१ ऑगस्ट
आतापर्यंतचा खर्च: ग्राइंडर, पाइप, फोनचा डिस्प्ले, ग्रिलचं परत काम, मिळून ₹१४,८००. बसायला रोज दहा मिनिटं, आता पंधरा. सोळा दिवस चुकले, त्यातले सात गणपतीच्या कामात.

१० सप्टेंबर
माफी. तीन महिने लांबवलेली. मामांना चहा आणायला पाठवून पोराला म्हटलं, "९ जूनला माप माझं चुकलं होतं, आणि ग्राइंडर फेकला तो फार वाईट प्रकार होता. पायावर पडला असता."
ते खाली बघत राहिलं. मग म्हणालं, "माप मला ठाऊक होतं मालक. तुमच्याच वहीत बघितलं होतं मी, त्याच दिवशी."
"मग बोलला का नाहीस?"
"तवा बोलायसारखं नव्हतं."
थोडं थांबून: "नव्या ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवलंय तुम्ही. ते बसवा की."
बसवलं.

३० सप्टेंबर
सोळावा आठवडा. रेघा ७, पहिल्या आठवड्यात २३ होत्या. ४५च्या वर १: घरपट्टीच्या रांगेत एक जण मधे घुसला. माझी कड घ्यायला तिथं माठ नव्हता.
ठेकेदारानं ₹४०,००० दिले, ₹४४,००० बाकी. मैत्रीत त्याला अजून घेतलेला नाही. फोनवर त्याचं नाव आलं की ३९. पण आता फोन ठेवल्याबरोबर पत्र्यावर रेघ मारतो आणि घरी कळवतो, "वरून सोडलंय." बायको त्या संध्याकाळी हिशोबाच्या गोष्टी काढत नाही.
पोरीच्या फोनला डिस्प्लेनंतर कव्हरही घेतलं, जाड. तिनंच निवडलं.
बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांना न विचारता ती कुणी बंद करू नये.
उद्या विश्रामबागलाच, त्याच गल्लीत दुसरं गेट. टेप मी धरणार, लिहिणार पोरगं, आणि लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवणार.